काड्या ओलांडून जायचं नसतं

नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, हे मला दर वर्षी नव्याने शिकावं लागतं. डिसेंबर सरत आला की गावाकडून तांदळाचा कट्टा येतो, मी हौसेने त्याच दिवशी भात लावते आणि तो हमखास गिचका होतो. मुलगी आधी ताटाकडे बघते, मग माझ्याकडे. "आई, वाटीत दे ना, पिऊन टाकते." मी तिच्याकडे दुर्लक्ष करते. चंद्रपुरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात त्या वेळी जो वास भरून राहिलेला असतो, त्यापुढे शितं मोकळी झाली की नाही हा प्रश्न मला फार किरकोळ वाटतो.

खरं तर भाताच्याही आधी मी अडकते ती कट्ट्याच्या तोंडापाशी. ते सुतळीने शिवलेलं नसतं. धान झोडून उरलेल्या तणसाला पीळ देऊन त्याचीच गाठ मारलेली असते. नवरा कात्री घेऊन येतो, मी त्याला परत पाठवते. ही गाठ कापायची नसते. पिळाचं एक टोक आत कुठेतरी दडवलेलं असतं. ते सापडलं की सगळं एका ओढीत सुटतं, पण सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. मी फरशीवर बसून ते टोक चाचपत राहते आणि तेवढ्या वेळात सातव्या वर्गात जाऊन येते.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. माझे बाबा रेल्वेत पॉइंट्समन. सिंदेवाहीजवळच्या एका लहानशा स्टेशनावर त्यांची बदली झाली. छोटी लाइन होती, डबे झुलवत गाडी यायची आणि कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी उगाच थांबून राहायची. बल्लारपूरच्या पेपर मिलचा वास नाकात घेऊन वाढलेली मी, एकदम धानाच्या वासात येऊन पडले. गाव बांध्यांच्या मधोमध होतं. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं वावर. त्यापलीकडे मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेला तलाव, आणि तलावाच्या मागे लगेच जंगल. लगेच म्हणजे अगदीच लगेच. कधीकधी गुरुजी शिकवता शिकवता थांबायचे आणि शाळेची मागची खिडकी लावून घ्यायचे. का, ते कुणी विचारत नसे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या शाळेत शिंदे मॅडम आल्या. साताऱ्याकडच्या. बोलणं पुस्तकातल्यासारखं, चालणं झपझप, आणि शनिवारी गळ्यात निळा स्कार्फ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गात जाहीर केलं, की शाळेत मुलींचं गाईड पथक सुरू होणार. पथक हा शब्द आम्हाला फक्त पोलिसांच्या बाबतीत माहीत होता. माझ्या शेजारची सुमित्रा घाबरून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमी काई केलं नाई."

त्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामाच असायचा. कापणी सुरू होती. मॅडम मग स्वतः बांध्यांमध्ये गेल्या, साडी वर खोचून, चिखल वाळलेल्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, तोल सावरत. मुलींच्या आया विळे हातात घेऊन उभ्या राहिल्या. "काय शिकवता बाप्पा गाईडमंधी?" एकीने विचारलं. मॅडमनी उत्साहाने सांगितलं, की गाठी मारायला, उघड्यावर चूल पेटवायला, भांड्यांशिवाय स्वयंपाक करायला, जंगलात खुणा बघून वाट शोधायला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या आणि मग सगळी बांधी हसायला लागली. "इतक्यासाठी साताऱ्याहून आल्या का मॅडम तुमी?" मॅडमही हसल्या. त्यांचं हे मला आवडायचं. हसू आलं की त्या हसायच्या, मग ते स्वतःवरचं का असेना.

आणि बायकांचं काही चुकलं नव्हतं. भांड्यांशिवाय स्वयंपाक म्हणून मॅडमनी ओल्या मातीत बटाटा भाजून दाखवला, तर मुलींनी पळसाच्या पानांत पिठाचे गोळे गुंडाळून निखाऱ्यावर पानगे भाजून काढले. मॅडमनी तीन खाल्ले. गाठींच्या तासाला त्यांनी दोरीच्या दोन टोकांची चौरस गाठ शिकवली. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. मी ती घरी जाऊन खाटेच्या नवारीवर घोकली. रंजनाने मात्र दोरी बाजूला ठेवली, कोपऱ्यातलं मूठभर तणस घेतलं, त्याला पीळ दिला, आणि धानाचा भारा बांधतात तशी गाठ दोन श्वासांत मारून मॅडमच्या हातात दिली. "ओढा," ती म्हणाली. मॅडमनी ओढून बघितलं, गुडघ्यात धरून ओढून बघितलं. मग पर्समधून वही काढली आणि तिला म्हणाल्या, "पुन्हा एकदा करून दाखव. हळू."

रंजना माझी पहिली मैत्रीण त्या गावातली. बोलायची कमी. शाळेत कुणी बाहेरून आलेलं असलं की बाकीच्या पोरी घोळका करून बघतात. ही आली आणि लाखोळीच्या कोवळ्या पानांची जुडी माझ्या हातात ठेवून, "तुया मायले दे, भाजी कर म्हणा," एवढं बोलून गेली. तिला वडील नव्हते. तिची आई, यमुनामावशी, दोन बांध्या एकटीने करायची. मावशी उंच, हाडकुळी, आवाज पुरुषी. तिला मी कधी नुसती बसलेली बघितली नाही.

रंजनाचे वडील दौलतभाऊ तीन वर्षांपूर्वी जंगलात बांबू आणायला गेले आणि वाघाने त्यांना नेलं. हे मला कुणी एका जागी बसवून सांगितलं नाही. गावात अशा गोष्टी तुकड्यातुकड्याने कानांवर येतात. जुन्या बंडीवाटेच्या, म्हणजे बैलगाडीच्या वाटेच्या, वळणावर ते सापडले, आणि त्या जागेवर लोकांनी काड्या ठेवायला सुरुवात केली. तिकडे रीतच आहे. जंगलातल्या वाटेवर कुणी असा गेला, की तिथून जाणारा-येणारा प्रत्येक जण एक काडी ठेवतो. हिरवी असो, वाळकी असो, हाताला येईल ती. ठेवली नाही तर काय होतं, हे कुणी सांगत नाही. काड्या ओलांडून जायचं नसतं, एवढंच. बोलता बोलता माणूस वाकतो, काडी उचलतो, ढिगावर ठेवतो आणि अर्ध्यावर राहिलेलं वाक्य पुढे सुरू करतो.

माझ्या बाबांना रीतिभातींचा तिटकारा. आमच्या घरी नवस नाही, अंगारा नाही. संध्याकाळी बुद्धवंदना, आणि प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायचं, हीच शिस्त. मी त्यांना विचारलं, आपण काडी ठेवायची की नाही? ते सिग्नलच्या कंदिलाची काच पुसत होते. ती पुसून त्यांनी कंदील खाली ठेवला. "देवासाठी ठेवत असशील तं नको ठेवू," मग म्हणाले. "माणसासाठी ठेवत असशील तं ठेव. आणि एक लक्षात ठेव, काडीले वाळवी लागते." त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. बाबांची बरीच वाक्यं अशी पुढे कधीतरी उघडायची असायची.

दौलतभाऊंचा ढीग म्हणजे गावाचा पत्ताच झाला होता. "दौलतच्या ढिगापासून खाली उतरलं का सीधा आपल्या बोडीवर येते माणूस," असं लोक वाट सांगायचे. बोडी म्हणजे गावामागचं लहान तळं. रंजना समोर असली की मात्र वाक्य अर्ध्यात गिळायचे आणि नुसता हात दाखवायचे. तिने ते अर्धं वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की उरलेलं अर्धं तिला पाठ होतं. ढीग तिने पाहिला नव्हता. मावशीनेही नाही. त्या दिवशी माणसांनी दौलतभाऊंना घरी आणलं, त्यानंतर मावशी त्या वाटेला गेलीच नाही. सिंदेवाहीच्या बाजाराला सगळं गाव जंगलातल्या त्याच जवळच्या वाटेने जायचं. ही एकटी डोक्यावर टोपली घेऊन लांबच्या सडकेने जायची, आणि रंजनाला तर तिने बोडीच्या पलीकडे पाऊल टाकू दिलं नव्हतं.

असं असताना मॅडमनी फळ्यावर लिहिलं: शनिवारी मागखुणांचा खेळ.

डिसेंबरातला शनिवार, सकाळची शाळा. ती सुटल्यावर गावापासून तलावापर्यंत मैलभर बंडीवाटेने जायचं. मुख्याध्यापकांनी परवानगी देताना बजावलं होतं, की जंगलात नाही, जंगलाच्या कडेने. दोन्ही बाजूंना कापणीची माणसं होती, भीती वाटण्यासारखं काही नव्हतं. शिवाय खेळानंतर आठच दिवसांत दीक्षा होती. दीक्षा म्हणजे मॅडम प्रत्येकीच्या गळ्यात स्कार्फ घालणार आणि आम्ही तीन बोटं वर करून वचन म्हणणार. स्कार्फ तयार होते. वडशाहून निळं कापड आणून मॅडमनी त्याचे त्रिकोण कापले होते, आणि ते गळ्याशी अडकवायला गावच्या बुरुडाकडून बांबूची लहान लहान कडी करून घेतली होती. ती कपाटात ठेवलेली आम्हाला माहीत होती. मधल्या सुट्टीत आम्ही कपाटाच्या फटीतून एक डोळा लावून बघून यायचो.

रंजना म्हणाली, "माय नाई येऊ देणार." म्हणून मी तिच्या घरी गेले. मावशी अंगणात धान उपणत होती. मी सगळं घोकून आल्यासारखं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"जंगलात नेऊन राह्यल्या का तुमच्या मॅडम?"

"नाई मावशी. कडेकडेनं. तलावावर."

"तू सोबत राहशील?"

"हो."

"हात नको सोडू तिचा."

"नाई सोडत," मी म्हणाले. मावशीने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि रंजनाला म्हणाली, "जाय." एवढंच. स्कार्फ नाही, तीन बोटं नाहीत, आजूबाजूला फक्त उडणारा कोंडा. आमच्या गाईडच्या नियमांमधला पहिलाच नियम विश्वासाचा होता आणि तो मला तोंडपाठ होता. पण मी खरं वचन दिलं ते त्या अंगणात, हे मला त्या वेळी कळलंसुद्धा नाही.

शनिवारी मॅडम पिठाची पिशवी आणि पळसाच्या पानांचा भारा घेऊन तलावावर आधी जाणार होत्या. निघण्यापूर्वी त्यांनी शाळेच्या पटांगणात आमचे तीन गट पाडले. पहिल्या गटाने पुढे जाऊन वाटेवर खुणा करायच्या. काड्यांचा बाण म्हणजे इकडे या, फुली म्हणजे इकडे नको. दुसऱ्या गटाने त्या बघत यायचं, आणि तिसऱ्याने त्यामागून. तिसऱ्या गटात पाचवीच्या सहा चिमण्या होत्या, त्यांच्यासोबत रंजना आणि मी. मग मॅडमनी पर्समधून शिट्टी काढली. पितळेची, दोरीत ओवलेली. "पहिल्या गटाला संघनायिका हवी," त्या म्हणाल्या. "सुजाता, तू होतेस का?"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी मी. मॅडमचं वाक्य संपायच्या आत माझा हात पुढे गेला होता, आणि त्यासाठी तो आधी रंजनाच्या हातातून सुटला होता. इतकं साधं होतं ते. मला ती सोडल्याची जाणीव आठवत नाही, फक्त शिट्टीचा गार स्पर्श आठवतो. मी मागे वळून रंजनाला म्हटलं, "तलावावर भेटू." ती म्हणाली, "जाय ना, मी आणतो ह्या पोरींले." माझ्यापेक्षा तीच जास्त खूश होती माझ्या शिट्टीवर.

बाण मी फार सुंदर केले होते, हे आजही सांगते. पालापाचोळा हाताने बाजूला करून, काड्या सारख्या लांबीच्या मोडून. मोहाच्या मोठ्या झाडापाशी वाट फुटत होती. उजवी तलावाकडे, डावी जुन्या बंडीवाटेला, जंगलात. तिथे मी उजवीकडे मोठा बाण केला आणि डावीकडे फुली. दोनदा मागे जाऊन लांबून दिसतो का ते बघितलं. दिसत होता.

तलावावर ऊन उबदार होतं. पाण्यावर बदकं उतरली होती. आम्ही पानगे लावले. थोड्या वेळाने दुसरा गट गात गात आला. पानगे उलटले, भाजून झाले, पानं जळून काळी पडली. तिसरा गट येईना. मॅडम उठून पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभ्या राहिल्या, डोळ्यांवर हात धरून. मी शिट्टी वाजवली. बदकं उडाली, बाकी काही झालं नाही.

"खुणा नीट होत्या ना?" मॅडमनी दुसऱ्या गटाला विचारलं.

"हो मॅडम," सुमित्रा म्हणाली. "सगळ्या दिसल्या. अन् सगळ्यांवर ठेवल्या बी आमी."

"काय ठेवल्या?"

"काड्या."

मॅडमना कळेना. मला मात्र कळलं. सुमित्रा आमच्या तोंडांकडे बघत रडवेली झाली. "काऊन? ठेवाले नाई पायजे होत्या का? वाटंवर काड्या मांडून होत्या, मंग ओलांडून कशा जाव?"

आम्ही धावत मागे गेलो. माझा एकही बाण शिल्लक नव्हता. होते ते लहान लहान ढीग. दहा जणींच्या दहा काड्या प्रत्येक बाणावर, कुणी मनापासून, कुणी दुसरीने ठेवली म्हणून, पण कुणीही ओलांडून गेलेली नव्हती. मोहाच्या झाडापाशी दोन ढीग होते. बाणाचा एक आणि फुलीचा एक, अगदी सारखे. इकडे या आणि इकडे नको यांत आता काडीचाही फरक उरला नव्हता. पाचवीच्या पोरी डावीकडे गेल्या होत्या. मऊ धुळीत त्यांच्या बोटांचे ठसे होते. पुढे पाचोळा लागत होता आणि तिथे काहीच दिसत नव्हतं.

यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. मॅडमचं पुस्तक खोटं नव्हतं आणि सुमित्राचा हातही खोटा नव्हता. पुस्तकात काडी म्हणजे पुढच्या माणसाने मागच्याला दिलेला निरोप. आमच्याकडे काडी म्हणजे मागच्याने गेलेल्याला दिलेला निरोप. दोन्ही गोष्टी एकाच वाटेवर आल्या आणि एकमेकींवर चढल्या. पुढे मॅडम खुणा राखेने करायला लागल्या. राखेवर कुणी काही ठेवत नाही. आज माझी मुलगी मोबाइलवर रस्ता बघते आणि तो बाण कुणी झाकत नाही, हे चांगलंच आहे. पण तो बाण कुणी केला, हेही तिला माहीत नसतं.

त्या दिवशी असले विचार नव्हते. कापणीतले बाप्ये विळे हातात घेऊनच धावत आले, हाका मारत जंगलात शिरले. मी शिट्टी फुंकत राहिले. ओठ फुटले, तोंडाला पितळेची चव आली, ती अजून कधीकधी येते. मॅडमच्या साडीला कुसळं लागली होती आणि त्या, "माझी चूक आहे, माझी चूक आहे," असं कुणाला तरी सांगत होत्या. मला ओरडून सांगायचं होतं, की तुमची नाही. मी एका बाईला हात सोडणार नाही म्हणाले होते आणि तिचा नवरा ह्याच वाटेवर गेला आहे. पण माझ्या तोंडात शिट्टी होती. खरं सांगायचं तर, ती तोंडात होती हे बरंच वाटत होतं.

सूर्य तलावाच्या पाळीवर टेकला तेव्हा गावाकडून एक माणूस सायकल दामटत आला. "पोरी घरी हायेत," तो लांबूनच ओरडला. "साऱ्या पोचल्या. दौलतच्या पोरीनं आणल्या." मॅडम होत्या तिथेच खाली बसल्या. सुमित्रा मोठ्याने रडायला लागली. मला रडू आलं नाही, कारण मला आता गावात जायचं होतं.

घडलं ते असं होतं. डावीकडची वाट पुढे पुढे अरुंद होत गेली, तशा चिमण्या रडायला लागल्या. रंजनाने त्यांना ओढण्या एकमेकींत बांधायला लावल्या, भाऱ्याच्या गाठीने, म्हणजे एकही सुटणार नाही. परत फिरायचं तर कुठल्या बाजूने, ते तिला कळेना. तेवढ्यात वळणावर तिला ढीग दिसला. तिने तो आधी कधी पाहिला नव्हता, पण तो कुणाचा हे कळायला तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिने काडी ठेवली. सहाही पोरींना ठेवायला लावली. आणि मग तिला ते वाक्य आठवलं, जे तिच्यासमोर लोक नेहमी अर्ध्यात सोडायचे. दौलतच्या ढिगापासून खाली उतरलं का सीधा आपल्या बोडीवर येते माणूस. ती खाली उतरली.

मी रंजनाच्या अंगणात पोचले तेव्हा संधिप्रकाश होता. मॅडम लहान पोरींच्या घरी गेल्या होत्या, मी एकटीच होते. मावशी ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन पाखडत होती. रंजना ओट्यावर बसली होती, पायांना ओरखडे. मला बघून तिने डोळ्यांनी खूण केली. ती खूण मला आजही तितकीच स्पष्ट दिसते. हो म्हण, असं ती सांगत होती. मी तसंच सांगितलंय, हो म्हण.

"तू सोबत होती?" मावशीने विचारलं. सूप चालूच होतं.

हो म्हणणं किती सोपं होतं. रंजना साक्ष द्यायला बसलेलीच होती. आणि मला भीती वाटत होती, मावशीच्या रागाची नाही, रंजनाला ती आता कधी कुठे पाठवणार नाही याची. कपाटातल्या निळ्या स्कार्फची पण, खोटं कशाला बोलू.

"नाई मावशी," मी म्हणाले. "मॅडमनं मले शिट्टी देली. मी समोर गेली. हात सोडला."

सूप थांबलं. मावशीला थांबलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ती माझ्याकडे बघेना, रंजनाकडेही नाही, सुपातल्या तांदळाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती उठेल. वाटलं, मारेल, आणि मारलं तर बरं होईल.

"रंजे," ती म्हणाली. "तू पाह्यला?"

"हो माय."

"केवढा झाला?"

रंजनाला आधी समजलं नाही. मग ती ओट्यावरून उतरली, अंगणात सरळ उभी राहिली आणि हात आडवा करून तिने आपल्या छातीशी धरला. "एवढा."

"एवढा?"

"हो. अन् हिरव्या काड्या बी होत्या वरतं. आजच्याच."

मावशीच्या मांडीवरून सूप कललं आणि तांदूळ ओसरीवर सांडले. तिने ते गोळा केले नाहीत. "मले वाटे, दोन-चार काड्या असतीन," ती म्हणाली. "वाळवीनं खाऊन टाकल्या असतीन. गरिबाची कोणाले याद राह्यते." आणि मग तो पुरुषी आवाज फुटला. ती रडायला लागली. रंजना तिच्याकडे धावली आणि मी तिथेच उभी राहिले, हातातल्या शिट्टीचं काय करावं ते न कळून. काडीले वाळवी लागते, असं बाबा का म्हणाले होते ते तेव्हा कळलं. खाल्ली जाते, म्हणूनच ठेवत राहावी लागते. तीन वर्षं आख्खं गाव बाजाराला जाता-येता ठेवत राहिलं होतं, आणि जिच्या माणसासाठी ठेवत होतं, ती एकटी लांबच्या सडकेने जात होती.

दीक्षा ठरल्या शनिवारी झाली. मी मॅडमना शिट्टी परत दिली आणि मावशीला दिलेल्या शब्दाचं सगळं सांगितलं. त्यांनी ती कुणालाच दिली नाही, टेबलाच्या खणात ठेवली. स्कार्फ सगळ्यांना मिळाले, मलाही. वचन सगळ्यांबरोबर मीही म्हटलं. रंजनाने, जी अजून दर डिसेंबरात मला तांदळाचा कट्टा पाठवते तिने, बांबूचं कडं कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं म्हणे. माझं पुढच्याच बदलीत हरवलं. ते सगळं आता धूसर आहे.

धूसर नाही ती त्या खेळानंतरची सकाळ, रविवारची. आदल्या संध्याकाळी मी अंगणातून निघाले, तेव्हा मावशीने डोळे पुसत मला हाक मारली होती. "उद्या बाजार हाय. मले त्या वाटंनं न्या दोघी." मी मान हलवली. तर ती म्हणाली, "इकडे ये." मी जवळ गेले. तिने विळ्याने चरे पडलेला, धानाच्या कुसळांनी खरखरीत झालेला आपला हात माझ्यापुढे धरला.

"हा नको सोडू," ती म्हणाली.

धुकं होतं. मोहाचं झाड, डावी वाट, वळण. पुढे रंजना चालत होती. ढीग दिसला तेव्हा मावशीची बोटं माझ्या बोटांभोवती इतकी आवळली, की मला कळ आली. तिने खाली वाकून डाव्या हातानेच काडी उचलली आणि डाव्या हातानेच ठेवली, कारण उजवा माझ्या हातात होता. मग आम्ही बाजाराला गेलो. भाजी घेतली, मीठ घेतलं, मावशीने आम्हा दोघींना गूळ-शेंगदाणे घेऊन दिले, आणि घरी येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.